वाजवून घेतलेलं चाक

तेगल
गुरुवार, १७ मार्च २००५

चि. तुर्यातीस,

काकाचे आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या आईचा खोकला कमी आहे, रात्री झोप लागते.

आज सकाळी दादाचं, तुझ्या बाबांचं, लेथ मशीन रॉकेलनं पुसून काढलं, बेडला ग्रीस लावलं, चकचे जबडे काढून वेगळे बांधले. दुपारचा नमाज झाल्यावर बाजारात चालत जाऊन आलो. आता चार वाजलेत. शनिवारी ते तुझ्याकडे आणायला ट्रक येईल. दोर बेडला बांधायचा, स्पिंडलला नाही, हे ट्रकवाल्याला दोनदा सांगितलंय. उतरवताना तूही तिथे उभी राहा. तुझ्या हाताखालच्या इम्रानला एकट्याला सोडू नकोस, तो घाई करतो.

तू लिहिलंस की पेकालोंगानला मागांचे सुटे भाग दुरुस्त करायला खूप काम आहे, पण हत्यारं देणारं कोणी नाही, तेव्हा तेगलमधल्या दुकानांची यादी पाठवा. "त्या चिन्याचं नाव सोडून," असंही लिहिलंस. ते वाक्य मी वाचलं. यादी देतो.

पहिलं नाव रोपियाबाईचं. बाजाराच्या मागच्या बाजूला, मीठवाल्यांच्या पलीकडे ती पोतं पसरून बसते. जकार्ताच्या कारखान्यांनी काढून टाकलेली टूल बिटं, ड्रिलं, टॅप ती किलोवर विकते. माल चांगला असतो, पण निवडून घ्यावा लागतो. टोकाला निळं पडलेलं बिट घेऊ नकोस, ते जळलेलं असतं. ती निवडू देत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एकेक बिट उन्हात धरून बघत होतो, तर म्हणाली, "पोरगी बघायला आलायस काय रे? घ्यायचं तर घे, नाहीतर तिची आई बोलव!" आजूबाजूचे हसले. मी सगळं पोतंच घेतलं. तू तसं करू नकोस. तिला हसून उलट बोललं की ती निवडू देते. मला ते जमत नाही.

दुसरा वारकुम, तालांगचा. दांड्यावर कार्बाईडची टिप झाळून देतो. बिडाच्या कामाला त्याच्याइतकं चांगलं टूल इथे कोणी बनवत नाही. पण तो "उद्या" म्हणाला की कुठल्या वारचा उद्या, ते विचारून घे. बोथट झालेल्याला धारही लावून देतो.

तिसरा एक फिरता विक्रेता आहे. सेमारांगहून दर मंगळवारी येतो, बंदराच्या फाटकाजवळ चहाच्या टपरीवर बॅग उघडून बसतो. तयार टिपांचे डबे असतात. डबा बघून घेऊ नकोस, डबा कुणाचाही असतो आणि आतली टिप कुणाचीही. एकच घे, तिनं पोलाद कापून बघ, मग पुढच्या मंगळवारी बाकीच्या घे. त्याला राग येत नाही. तो म्हणतो, "साहेब, माझी बायकोसुद्धा मला एकेक दिवस तपासूनच ठेवते."

एवढी नावं कशी ठाऊक झाली, असं तुला वाटेल. तुझ्या बाबांना तर एकच दुकान पुरायचं. दादा कोरं पोलाद घ्यायचा आणि धार स्वतः लावायचा. माझीही टूलं तोच घासायचा, मी लावलेला कोन त्याला पसंत नसे. तो गेल्यापासून मी धार लावलेली नाही. ग्राइंडर जिथे होता तिथे टेबलावर चार भोकं आहेत, त्यावर मी रंगाचा डबा ठेवतो. तयार घ्यायचं, बोथट झालं की तालांगला न्यायचं. वारकुम एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "टर्नर असून धार बाहेरून? आचारी असून खानावळीत जेवतोस होय रे?" मी म्हटलं, डोळ्यांना त्रास होतो. पावणेतीन वर्षं मी हेच सांगतोय. ही यादी तशी तयार झाली आहे.

आज मी को ग्वानकडे गेलो होतो, ज्याचं नाव तू सोडायला सांगितलंस त्याच्याकडे.

मोटारसायकल घरीच ठेवली. दुकान तिथेच आहे, जुन्या गोदामांच्या गल्लीत, पण आत काही उरलेलं नाही. फळ्या रिकाम्या आहेत. तो फार वाळलाय, पंच्याहत्तरीचा तरी असेल. मला दारात बघून म्हणाला, "ये, डाकलान. बस म्हणत नाही, खुर्च्या विकल्या."

मी उभाच राहिलो.

"काय देऊ?"

"चाक. ग्राइंडरचं. आठ इंची, पांढरं."

तो आत गेला, बराच वेळ लागला. चाक आणलं, भोकातून बोट घालून ते उचलून धरलं आणि पेचकसाच्या लाकडी मुठीनं हलकेच मारलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. तुझ्या बाबांनी तुलाही शिकवलं असेल. धड चाक घणघणतं. आत तडा असेल तर लाकडासारखं बद्द वाजतं, वरून काही दिसत नाही.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मोठ्यानं सांग. माझे कान गेलेत."

"ऐकलं, को ग्वान."

"त्या वेळीही तू हेच म्हणाला होतास."

तो कागदात चाक गुंडाळत होता. एक कागद, मग दुसरा, मग पुठ्ठा. म्हणाला, "माझ्याकडून निघालं तेव्हा चाक वाजत होतं. तुमच्याकडे पोचलं ते मुकं. मधे फक्त रस्ता होता."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? चाक कुठून आणलं एवढं कळलं, तेवढ्यात लोकांचं सगळं समजून झालं होतं. चिन्यानं जुना माल खपवला. मी तोंड उघडलं असतं तर म्हणाले असते, मेलेल्याच्या भावावर ढकलतो."

दोरी बांधून त्यानं पुडकं माझ्या हातात दिलं. "हुकाला लटकवू नकोस," म्हणाला. "त्या दिवशी लटकवलं होतंस. मी दारातून बघत होतो."

मला तेव्हा बोलता आलं असतं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी विचारलं, दुकान चालू ठेवणार का. तो म्हणाला, महिनाअखेर बंद, सुराबायाला मुलीकडे जातो. मी बरं म्हटलं आणि निघालो.

तुर्याती, आता लिहितो. मधे थांबलो तर लिहिणार नाही.

त्या दिवशी चाक मोटारसायकलच्या हुकाला लटकवून मी येत होतो. रेल्वे फाटकावर गाडी उसळली आणि पुडकं निसटून रुळावर पडलं. उचललं, कागद सोडून बघितलं. कुठे ओरखडा नव्हता. परत गुंडाळलं.

घरी आलो. मच्छीमार बोटीचा मालक शाफ्टसाठी उंबऱ्यात येऊन बसला होता, त्याला भरतीच्या आधी निघायचं होतं. दादानं पुडकं हातात घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं, "काय गळक्या, वाटेत काही पाडलंस का?"

तुला हे नाव माहीत आहे. लहानपणापासून माझ्या हातून वस्तू पडतात. आई सगळ्यांना काचेच्या पेल्यात चहा द्यायची, मला पत्र्याच्या मगात. तुझी आई अजून मला त्याच मगात देते. बोटीचा मालक हसत होता. मी म्हटलं, "नाही."

"वाजवून घेतलंस ना?"

"को ग्वाननं माझ्यासमोर वाजवलं."

हे खरं होतं. म्हणून सहज बोललं गेलं.

दादा कुणाचंही चाक स्वतः वाजवल्याशिवाय बसवत नसे. त्या दिवशी बसवलं. मी पाहिलं होतं असं मी सांगितलं, म्हणून. मिनिटभर बाजूला उभं राहून मोकळं फिरवलं, तेही नियमाप्रमाणे. मी आत चहाची किटली विसळत होतो. टूल टेकवल्यावर चाक फुटल्याचा आवाज झाला. ग्राइंडरचं कव्हर आम्ही दोघांनीच कधीतरी काढून टाकलं होतं, मोठ्या जॉबला आड येतं म्हणून. कव्हर नसण्याचाही दोष आहे, पण तो मी पुढे करत नाही.

दुसऱ्या दिवशी तू पेकालोंगानहून आलीस. अंगणात माणसं बसली होती. तू विचारलंस, "काका, चाक कुठून आणलं होतं?" मी म्हटलं, को ग्वानकडून. तू एवढंच विचारलंस आणि मी एवढंच सांगितलं. सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला तालांगचे सगळे टर्नर आले होते, त्यांच्यात तेच बोलणं झालं. मी त्यांना ताटं वाढत होतो. महिन्याभरात त्याच्याकडे कोणी जाईना. त्याच्या शटरवर कोळशानं "खुनी" लिहिलेलं मी स्वतः पाहिलं. गाडी थांबवली नाही. पुढच्या आठवड्यात त्या गल्लीतून जाणंच सोडलं आणि रोपियाबाईचं पोतं शोधलं.

पुढच्या महिन्यात दादाचे हजार दिवस भरतील. कबरीवरच्या लाकडी खुणा निघतील, दगड बसेल. सगळी माणसं येतील. तेव्हा सर्वांसमोर सांगायचं, असं मी ठरवलं आहे. पण चाळिसाव्या दिवशीही ठरवलं होतं, शंभराव्या दिवशीही आणि दोन्ही वर्षांच्या प्रार्थनांनाही. शिवाय तोवर को ग्वान गेलेला असेल. ज्याच्या कानावर जायला हवं, तो इथे नसेल. आधी सांगता येईल हे मला कळतं. माझ्याच्यानं होत नाही. तो समोर पुडकं बांधत असताना झालं नाही, तर आता काय होणार. म्हणून तुझ्या हातात लिहून देतो. इकडे येशील तेव्हा हे आईला वाचून दाखव. मी उभा राहिलो नाही, तर तू उभी राहून सांग.

दर गुरुवारी दुपारी मी कबरीवर जातो. आज गेलो नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. दादाचं लेथ तू चालवणार हे बरं झालं. ते इथे ताडपत्रीखाली असताना मला त्याच्या बाजूनं जाता येत नसे. ते गेलं तरी त्या जागेवरून जाता येईल असं वाटत नाही.

यादी पुरी करतो. चौथं नाव: को ग्वान, जुन्या गोदामांची गल्ली, उजवीकडून तिसरं शटर. फक्त या महिनाअखेरपर्यंत. तेगलमध्ये याच्याइतका खरा माल कुणी दिला नाही, आणि दादा तीस वर्षं दुसरीकडे गेला नाही.

आजचं चाक तुझ्यासाठी घेतलं आहे. घरापर्यंत दोन्ही हातांनी छातीशी धरून चालत आणलं, फाटकावर थांबून रूळ ओलांडले. भाताचा कोंडा भरून पेटीत ठेवीन आणि हे पत्र त्याच्यावर, म्हणजे चाक काढायच्या आधी तू वाचशील. बसवण्याआधी स्वतः वाजव. ट्रकवाला काही म्हणो, इम्रान काही म्हणो. मी इथे वाजवून पाठवलं आहे असं मी लिहिलं, तरीही वाजव.

वहिनी शेजारी गेल्या आहेत, कारखान्यात मी एकटाच आहे. दोरी खिळ्याला बांधली आहे. आता चाक टांगतो आणि पेचकसाची मूठ घेऊन वाजवून बघतो.

डाकलान