रक्ताचा, लग्नाचा किंवा दत्तक

४ मार्च

नियोजन मंडळाने अर्ज नाकारला. माझ्या घरामागच्या गॅरेजचं छोटं घर करायला हरकत नाही. भिंतींना नाही, न्हाणीघराला नाही — हरकत डेल्फिनला.

"अशा घरात मालकाचा नातेवाईकच राहू शकतो. रक्ताचा, लग्नाचा किंवा दत्तक," अध्यक्ष ऑस्ट्रँडरने वाचून दाखवलं.

"डेल्फिन माझी सून आहे."

"होती, मॅडम. घटस्फोट झालाय."

घटस्फोट माझ्या लेनर्डने घेतला, मी नाही. माइकवर तसंच सांगितलं. लोक हसले. मी हसवायला गेले नव्हते.

मग शेजारचा ट्रास्क उठला. म्हणे, आज ही, उद्या भाडेकरू, गल्लीत गाड्यांना जागा उरणार नाही. त्याच्या दारात बारा महिने बोट उभी असते. तिला कुणी नातं विचारत नाही.

५ मार्च

डेल्फिनची इमारत विकली गेलीय, जूनमध्ये तिला घर सोडायचंय. "जाऊ द्या ना, बर्निस. मी ॲरिझोनाला भावाकडे जाते."

ॲरिझोना! माझ्या कमरेच्या ऑपरेशननंतर मला आंघोळ कुणी घातली? लेनर्डने? तो फुलं पाठवतो.

ती कुठेही जाणार नाही.

७ मार्च

ईस्टरआधीचा उपवासाचा शुक्रवार; मांस वर्ज्य, मासे चालतात. चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे. रांगेत नेमका ट्रास्क पुढे.

"मनावर घेऊ नका, बर्निस. नियम म्हणजे नियम."

"मनावर नाही, पाठ करायला घेतलाय."

"अजून कॉन्व्हेंट शाळेतच आहात की!"

आहेच. वाक्य शेवटपर्यंत वाचा, हे नन्सनी पट्टी मारून शिकवलं होतं. आणि मी रागाच्या भरात अर्ध्यावरच थांबले होते. रक्ताचा, लग्नाचा — आणि शेवटचा शब्द?

१० मार्च

वकीलबाई म्हणाल्या, मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं. दोघांची संमती हवी, बस.

"पण मग ती तुमच्या मुलाची बहीण होईल."

"लहानपणी त्याला बहीण हवीच होती."

संध्याकाळी डेल्फिनला सांगितलं. ती बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "नुसतं गॅरेजसाठी?"

"गॅरेजसाठीच. आणखी कशाला?"

हात पुसून तिने दत्तकाच्या अर्जावर सही केली.

२ एप्रिल

लेनर्डचा फोन. "आई, वेड लागलंय का तुला? लोक काय म्हणतील?"

तिला सोडताना हा प्रश्न पडला नव्हता त्याला. फोन ठेवला.

१३ मे

काल मंडळाने नात्याची अटच काढून टाकली. राज्याचा नवा कायदा आलाय म्हणे — कुणालाही राहू द्या. ट्रास्कचं तोंड नीट दिसावं म्हणून मी पहिल्या रांगेत बसले होते.

दत्तकासाठी कोर्टाची तारीख उद्याचीच. आता त्या खटाटोपाची गरज नाही. डेल्फिनला फोनवर तसं सांगितलं — अर्ज मागे घेऊ, तुझं घर पक्कं झालं. "बरं," एवढंच म्हणाली.

१४ मे

सकाळी तिचाच फोन. "नऊला न्यायला येते. निळा ड्रेस घाला, कोर्टात फोटो काढतात."