किरोगाचा गुडघा

प्रिय लिओराव,

रूडीचा नमस्कार घ्या. तुमची कंबर, वहिनींची शुगर आणि अंगणातलं ते निवडुंग, तिघंही ॲरिझोनाच्या उन्हात खुशाल असतील अशी आशा आहे. इकडे दुकान चालतंय आणि आपले हेरन्स बेसबॉलच्या गुणतक्त्यात तळाला आहेत. म्हणजे सगळं जिथल्या तिथे.

लिहायचंय ते तुमच्या थोरल्या बंधूंबद्दल, म्हणजे आमच्या एमिलदाजींबद्दल. ताई कळवणार नाही, तिचं आपलं, "दिराला कशाला घोर?" हिवाळ्यापासून त्यांचं विसरणं फार वाढलंय. त्यातच क्लबानं किरोगाला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. बारा वर्षं मैदानात उकिडवा बसलेला आपला कॅचर गेला, आणि बदल्यात आले दोन कोवळे पिचर आणि एक 'नाव मागाहून कळवू' असा खेळाडू. (धंद्यात मी असा व्यवहार केला असता तर ताईनं मला घरात घेतलं नसतं.) झेल्माच्या हॉटेलात, आपल्या खिडकीजवळच्या टेबलावर, ही बातमी दाजींना मीच सांगितली. त्यांनी टोपी काढली आणि ते चारचौघांत रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन विचारतात, "रूडी, किरोगाला देणार म्हणतात, खरं का रे?" पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच रडणं, तितकंच ताजं. तिसऱ्या सकाळी मी म्हटलं, "अफवा आहे, दाजी." सडका सायलेन्सर मी गिऱ्हाइकाला कधी चांगला म्हणून सांगितला नाही (निदान तोंडावर तरी नाही), पण हे सांगितलं.

तेव्हापासून रोज नाश्त्याला एकच वाद: किरोगाला ठेवायचा की द्यायचा? ऑर्विल पोस्टमन आठवतो ना? तो पहिल्यापासून द्यायच्या बाजूचा. त्याला रोज हरावं लागतं. दाजी टेबलावर मूठ आपटतात, "अरे, त्याच्यासारखा बॉल अडवणारा दाखव एक तरी!" आणि ऑर्विल अंड्यात बघत म्हणतो, "बरं बाबा, ठेवू." बाहेर गाडीशी मला धरतो, "रूड्या, लेका, माझं बरोबर असून किती हरू?" झेल्मा पेपरातलं खेळाचं पान आधीच काढून ठेवते. रेडिओवर किरोगाचं नाव येत नाही, म्हणून आम्ही त्याचा गुडघा दुखवला. कॅचरला गुडघेदुखी शोभते.

इथे आमचं चुकलं. दाजींना काळजी लागली. घोड्यांना चोळतात ते मलम ते दर आठवड्याला आणतात आणि म्हणतात, "तू मैदानाच्या बाजूला जातोस ना, दे त्याला. म्हणावं, घाई करू नको." माझ्या दुकानात मलमाच्या बाटल्यांची फळी भरलीय. गिऱ्हाईक विचारतं, इथे घोडे बांधता का?

जुलैत ऑर्विलची जीभ घसरली. नवा पिचर एकदाचा जिंकला होता. हा आनंदात बोलून गेला, "बघा, किरोगाला घालवला तेच बरं झालं!" दाजींनी काटा खाली ठेवला. "घालवला? कधी?" त्या दिवशी ऑर्विलच त्यांना हात धरून घरी घेऊन गेला. दुसऱ्या सकाळी दाजी प्रसन्न चेहऱ्यानं आले, "काय, गुडघा कसाय पोराचा?" मी तोंड उघडण्याआधी ऑर्विल बोलला, "सुधारतोय, एमिल. आणि हे बघ, त्याला द्यायचं नाही. काहीही झालं तरी." आयुष्यात पहिल्यांदा तो दाजींच्या बाजूनं बोलला, आणि त्या दिवशी वादच झाला नाही. फार वाईट नाश्ता झाला तो.

यंदाच्या मोसमाचं विचाराल, तर आशा नाही. दोन्हीकडे, मैदानावर आणि टेबलावर.

वहिनींना नमस्कार. निवडुंगाला जपा.

तुमचा,
रूडी हावलिक

ता. क. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी किरोगा इथे खेळायला येतोय, पाहुण्या संघाच्या कपड्यांत. दाजींना न्यायचं की नाही, यावर ऑर्विल आणि मी भांडतोय.

ता. क. दुसरा. हल्ली दाजी आणखी एक विचारतात, "लिओ टेबलावर का येत नाही?" तुम्ही ॲरिझोनाला गेलात, त्या डावखुऱ्या पिचरवरून दोघे भांडलात आणि तुम्ही फोन करणं बंद केलंत, हे ते विसरलेत. आमच्या तोंडाला आलं ते सांगितलं: लिओचा गुडघा दुखतोय. तेव्हा फळीवर एक बाटली आता तुमच्या नावाचीही आहे. मी ती पोस्टानं पाठवणार नाही. त्या रविवारच्या आत येऊन घेऊन जा.