दत्तूची दाढ

३ मार्च २०२५, सोमवार. सकाळी ११.२०. गुलबर्गा.

दत्तूची दाढ फेकली. माझ्या धाकट्या भावाच्या तोंडात उरलेली शेवटची. बाटली डॉक्टरच्या हातात दिली होती. कानडीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं: काढली की यात ठेवा, तपासणीला पाठवायची आहे. गोळ्या आणायला खाली गेले. परत येते तो बाटली रिकामी, दाढ पिवळ्या पिशवीत, पिशवी कचऱ्याच्या गाडीत आणि गाडी रवाना.

डॉक्टर म्हणतो, "अल्री मेडम, किडकी दाढ घेऊन काय करणार?"

लोणचं घालणार होते. तसं बोललेही.

४ मार्च. औराद.

अणुकेंद्रात किरणोत्सारी पाणी गळालं तेव्हा दत्तू तिथे कंत्राटी मजूर. पोती देऊन पाणी टिपायला आत उतरवलं. किरणं किती लागली ते कळायला प्रत्येकाला बिल्ला. बिल्ल्यावरची मर्यादा भरली की माणूस कामावरून बाहेर. म्हणून मुकादमाने, आमच्याच गावचा, सगळ्यांचे बिल्ले काढून खोलीत खुंटीला लावायला सांगितले. गावची पोरं घरी बसू नयेत, ही त्याची माया. कागदावर दत्तूची मात्रा शून्य. आता अंगात रक्त बनत नाही, तर केंद्र म्हणतं आमचा संबंध नाही.

दत्तू म्हणतो, "तवा सोताला लई शहाणे समजायलो व्हतो, अक्का."



६ मार्च.

प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन. दाढेवरच्या आवरणात किरणांची खूण जन्मभर राहते, त्यावरून खरी मात्रा काढता येते, हे त्यांनीच सांगितलं होतं. पुढचे दात चालतील का? नाही, उन्हाचीही खूण त्यात उमटते, भरवसा नाही. रक्त? सारखं परक्याचं चढवतोय. त्यातून दत्तूचं काय निघणार. बाई फार सौम्य बोलल्या. त्याचाच जास्त राग आला.

१० मार्च.

दत्तूची बायको, सुलू: "कामून भांडायलात वन्सं? निवांत जाऊ द्या की त्यांना."

दत्तू पडल्या पडल्या: "भांडू दे गं. भांडली न्हाई तर तीच आजारी पडती."

हसला. पुढचे दात सगळे शाबूत आहेत मेल्याचे.

१३ मार्च. गुलबर्गा.

दवाखान्याचे व्यवस्थापक. "झालं ते झालं, सॉरी." लेखी द्या म्हटलं तर चहा मागवला. नाही घेतला.

१७ मार्च. औराद.

दत्तू कूस बदलत नाही. हातावर सुईला जागा उरलेली नाही. तपासणी व्हायची नाही, हे मला कळतं. तरी दवाखान्याला अर्ज आज रजिस्टर पोस्टाने टाकला. दत्तूला उत्तराची मुदत सांगितली तर म्हणाला, "तवर मी हाय का बघ."

मजकूर उतरवून ठेवते:

"दि. ३ मार्च रोजी सकाळी ११.२० वाजता आपल्या दवाखान्यात या रुग्णाची दाढ काढण्यात आली आणि आधी सांगूनही फेकण्यात आली. आता ती मिळणार नाही, हे मी जाणते. दाढ होती, ती तपासणीसाठी मागितली होती आणि आपण ती फेकली, एवढंच सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं. दिलगिरी नको. फोन नको. लेखी उत्तर शुक्रवार, २८ मार्च, सायंकाळी पाचच्या आत, रुग्णाच्याच नावे यावं."