आडवं व्हायला माझा नकार आहे

ती. वन्संना,

दिवेआगरहून सत्यवतीचा शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार रागातला आहे, पण पूर्ण आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मुरुडची हवा मानवते ना? इकडे तुमचे बंधुराज ठणठणीत, नारळ बरे लागलेत, मांजर व्यायली. मी कशी आहे ते लिहीत नाही, कारण ते तुम्ही डॉक्टरांना आधीच सांगून मोकळ्या झाला आहात. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही. सगळी नोकरी नर्स म्हणून झाली, तेव्हा रोग्याचं ऐकून घ्यायची सवय नसणार, हे मी समजू शकते.

आता तक्रार. श्रावणात तुमच्याकडे आले होते तेव्हा 'चल जरा, पाय मोकळे करू' म्हणून तुम्ही मला बाहेर काढलंत आणि पाय मोकळे झाले ते थेट डॉक्टर मैत्रींच्या दवाखान्यात. रक्तदाब काठावर, साखर काठावर. इथवर ठीक. मग त्यांनी झोप किती असं विचारलं. मी 'भरपूर' म्हणायला तोंड उघडते न उघडते तोच तुम्ही मागून ओरडलात, "चार तास! शनिवार-रविवारी त्याहून कमी!" रांगेतली म्हातारी कोळीणसुद्धा माझ्याकडे दयेनं बघायला लागली. डॉक्टर मुलगी गुणाची आहे, तिनं नीट समजावलं. माणूस झोपला की रक्तदाब खाली येतो, हृदयाला तेवढाच विसावा. वर्षानुवर्षं झोप अपुरी पडली तर तो विसावा मिळत नाही आणि दाब चढाच राहायला लागतो. शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, साखर रक्तात रेंगाळते. वर भूक खवळते ती नेमकी गोडाची नि तळलेल्याची. (हे ऐकून मला फार बरं वाटलं. म्हणजे पाहुण्यांचे उरलेले मोदक मी पहाटे खाते ते मी खातच नाही, माझी अपुरी झोप खाते. तसं मी बोलूनही दाखवलं, तर म्हणते, "काकू, पण पोट तुमचंच ना?") मी विचारलं, मालकीण उभी असताना हृदयानं बसायचं म्हणजे काय? ती हसली नाही. तीन महिने रोज सात तास झोपा, मग परत तपासू आणि गोळ्यांचं तेव्हा ठरवू, म्हणाली.

परतताना आगरदांड्याला फेरीबोटीत बसले. पुढे जे झालं त्याची मुरुडपर्यंत पोचलेली हकीकत खोटी आहे. मी झोपले नव्हते. डोळे मिटून तुमच्यावर रागावत होते. राग मोठा असल्यामुळे वेळ लागला. बंधुराज दिघीच्या धक्क्यावर मोटारसायकल घेऊन उभे. बोट आली, गाड्या उतरल्या, माणसं उतरली, मी नाही. बोट परत गेली, परत आली. शेवटी बोटीवरच्या एकानं खांद्याला हात लावून विचारलं, "मावशी, दिघी दोनदा येऊन गेली. तुमाला उतरायचं हाय का न्हाय?" मी म्हटलं, मला खाडी बघायची होती.

त्या दिवशी बंधुराजांनी घरी आल्याआल्या फर्मान काढलं. आकडे उतरले नाहीत तर डिसेंबरात फाटकावरची 'राहण्या-जेवण्याची घरगुती सोय' ही पाटी काढायची, पाहुणे बंद. पाटी! वन्सं, ती पाटी वादळात पडलेल्या आपल्या फणसाच्या फळीची आहे. त्या दिवशी वाडीतल्या सुपाऱ्या, माड, गोठा, सगळं आडवं झालं, आणि बंधुराज ओटीवर बसून नुसते बघत राहिले. तेव्हा मी उठले, खोल्यांवर पत्रे घातले, चुली मांडल्या, पाहुणे आणले. आडवं होण्याबद्दल माझं मत तेव्हापासून वाईट आहे. आणि ज्या कामानं हे घर उभं राहिलं ते काम माझ्या तब्येतीच्या नावानं बंद करायचं, याला माझा साफ नकार आहे. कळवा हे तुमच्या भावाला. (मी कळवलं आहे. तुमचं ऐकतात.)

त्यावर त्यांनी नि आमच्या चंदाबाईनं (स्वयंपाकात मदतीला येते, पण मदत कुणाला करते ते आता कळलं) कट केला. पहाटेच्या चहा-पोह्यांचा ताबा बंधुराजांकडे, आणि मी स्वयंपाकघरापासून लांब, तीन नंबरच्या खोलीत पाहुण्यासारखं निजायचं. निजले. गादीच्या मधोमध खड्डा; ज्या कुशीवर वळाल त्या कुशीवरून परत खड्ड्यात. उशी म्हणजे न सोललेला नारळ. पंखा प्रत्येक फेऱ्याला कण्हतो. पडद्यातून रस्त्यावरचा दिवा नेमका डोळ्यांत. तरी हट्टानं डोळे मिटले, आणि उजाडायच्या आत डोक्यामागची भिंत अशी थरथरली की मला वाटलं, आलं पुन्हा वादळ. उशी छातीशी धरून अंगणात धावले. तो पाण्याचा पंप होता. मी ओरडले, या वेळी पंप कुणी लावला? बंधुराज शांतपणे म्हणाले, "रोज तूच लावतेस. आज तुझ्या वतीनं मी लावला."

वन्सं, आपल्याकडे माणसं समुद्र बघायला येतात असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे पुण्यामुंबईची माणसं झोपायला येतात. दुपारी बघा, समुद्राकडे कुणी फिरकत नाही. आम्ही झोप विकतो. आणि आमटी चाखल्याशिवाय पानात न वाढणाऱ्या मी हा माल कधी चाखलाच नव्हता. मागे सोनल नावाच्या एका पाहुणीनं फोनवर सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं होतं, 'जेवण अप्रतिम, झोप शून्य.' त्याखाली मी उत्तर ठोकलं होतं की ताई, झोप मनात असावी लागते. ते उत्तर मी काढून टाकलं आहे. माफी मागितलेली नाही. तिला बिरड्याची उसळ दुसऱ्यांदा वाढली होती, तेवढं पुरे.

दुसऱ्याच दिवशी तालुक्याहून पंखा आणला, गादी भरून घेतली, जाड पडदे शिवले, पंपाची वेळ उजाडल्यानंतरची केली. या गडबडीत दोन दिवस मुळीच निजले नाही. चंदाबाई दारात उभी राहून म्हणाली, "वैनी, आता पाहुना मस्त निजंल. तुमी कवा निजनार?" मी तिला खवायला चार नारळ दिले.

तर तात्पर्य असं, की माझं मत बदललेलं नाही. हुकमानं मी निजणार नाही. पाटी उतरणार नाही. उतरलेच तर आकडे उतरतील, आणि तेही माझ्या पद्धतीनं. ही पद्धत कोणती ते योग्य वेळी सांगेन.

तुमची, अजून उभी असलेली,
सत्यवती

ता. क. दर शिमग्याला तुम्ही तीन नंबरच्या खोलीतच निजता आणि सकाळी 'छान झोप लागली गं' म्हणून पहिल्या एस.टी.नं पळता. माझं खरं डॉक्टरांना सांगितलंत, मग माझ्या खोलीचं खरं मला का नाही सांगितलंत?

आणखी ता. क. पितृपक्षात पाहुणे नसतात. तेव्हा असं करा, बंधुराजांना फोन लावून नर्सच्या आवाजात सांगा की तुमचा गुडघा सुजलाय आणि सत्यवतीला आठ दिवस धाडून दे. मी तुमची सेवा करायला येते आहे. झोपायला येते आहे असं कुणाला कळता कामा नये. आतल्या खोलीतली खाट मोकळी ठेवा आणि मासळीवालीला सांगा, आठ दिवस खिडकीखाली हाळी देऊ नकोस. डॉक्टरांना यातलं काही बोलू नका. आकडे उतरले की मीच जाऊन पाटीसह फोटो दाखवीन.

शेवटचं. येणार फेरीबोटीनंच. वेळेत पोचले नाही तर आगरदांड्याला कुणाला शोधायला धाडू नका. बोटीवाल्यांना सांगून ठेवलं आहे, मावशीला खाडी बघायची असते, उठवू नका.