तुमच्या भावाचा ताप

१२ मार्च, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे थोरला परीक्षेच्या अभ्यासात आहे, निदान पुस्तक तरी उघडं असतं. तुमच्या भावाचा ताप उतरलाय. काल त्यांनी हॉस्पिटलच्या चहाला नावं ठेवली, तेव्हा मला जरा धीर आला.

हे पत्र आमच्या आरोग्य खात्याचे ड्रायव्हरकाका तुमच्या हातात देतील. गाडीत नर्सबाई बसल्या आहेत. त्यांना आधी पाणी विचारा आणि तुम्ही आतल्या खोलीत जाऊन, दार लावून हे वाचा. मोठ्याने वाचू नका. तुमच्या लेकीला, बुटकीला, आत घेऊ नका.

काल फोनवर मी म्हटलं, बुटकीचं रक्त तपासून घ्या, तर तुम्ही उखडलात. "गरोदर पोरीला उगाच सुया टोचायच्या? कारण सांग, नाहीतर नेणार नाही. तुझ्या खात्याला सगळीकडे डासच दिसतात!" मी गप्प बसले, कारण तुमचा फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता. मागे जावईबापू हसत होते आणि बुटकी ओरडून सांगत होती, "मामी, अंगावर लाल पुरळ आलंय, आई म्हणते उन्हाने!" तुम्ही फोन ठेवलात, त्यानंतरही मी रिसीव्हर कानाला लावून उभी होते.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. बाहेरच्या देशांत डासांमुळे कुठला नवा ताप सुरू झाला, तो प्रवाशांबरोबर इकडे कसा येऊ शकतो, हे मी गावोगावच्या डॉक्टरांना कळवत असते. मागच्या महिन्यात अशाच एका तापाबद्दल लिहिलं होतं. समुद्रापलीकडच्या नदीकाठच्या काही गावांतच तो आहे. आपल्याकडे एकही रोगी नव्हता. ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी, लाल डोळे असतील तर रोग्याने कुठे प्रवास केला ते विचारा, एवढंच मी डॉक्टरांना सांगितलं होतं.

परवा प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. "बाई, तुमचा ताप आला हो!" आम्ही असंच बोलतो, काय करणार. मी कागद ओढला. पुरुष की बाई? पुरुष. वय? पन्नाशीच्या आतला. राहायला कुठे? ती नमुन्याचा नंबरच पुन्हा सांगायला लागली. मी चिडले, "अगं, पत्ता सांग ना." तर म्हणाली, "पत्ता तुमचाच आहे."

मला वाटलं, नमुने बदलले. दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. तुमचा भाऊ पंधरवडाभर तुमच्याकडे होता, असं मी समजत होते. धावत हॉस्पिटलमध्ये गेले, विचारलं, "कुठे गेला होतात?" म्हणाले, "कुठेच नाही. ताईकडेच होतो." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले.

मग वॉर्डच्या डॉक्टरीणबाईंनी, आपल्या बुटकीच्या वयाच्या, मला म्हटलं, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता?" मी! ज्या प्रश्नाची सूचना मी लिहिली, त्याचं उत्तर ऐकायला मलाच बाहेर काढलं. बाकावर बसले. मग आतून ह्यांच्या रडण्याचा आवाज आला. लग्नाला एवढी वर्षं झाली, तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

ते समुद्रापलीकडे गेले होते. त्याच गावांत. तिथून थेट तुमच्याकडे आले आणि तुम्हाला सांगितलं की घरून येतोय. ताप तुमच्याकडेच चढला. तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलंही होतं, कुठे बाहेरगावी गेला होता का? तेव्हा ह्यांच्या आधी तुम्हीच म्हणालात, "कुठला प्रवास! बहिणीकडे आलाय, तोच त्याचा परदेश!" सगळे हसले. डॉक्टरही हसले आणि साध्या तापाच्या गोळ्या लिहून दिल्या. तुम्हाला दोष देत नाही. प्रश्न रोग्याला एकट्याला विचारा, हे मीच लिहिलं नव्हतं. ते काल लिहिलं.

पण ताई, तापात ते तुमच्या व्हरांड्यात झोपत होते, कुंड्यांखालच्या बशांत पाणी होतं, आणि शेजारच्या खुर्चीत बुटकी बसून विणत होती. हा डास दिवसा चावतो. ह्यांना चावून मग तिला चावला असेल, तर पोटातल्या बाळाला धोका आहे. आता कळलं तर डॉक्टर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतील. उद्यावर टाकू नका.

एवढं कारण पुरेसं आहे. खरं तर मी इथेच थांबणार होते. पण तुम्ही पहिला प्रश्न हाच विचाराल की तो तिकडे कशाला गेला. आणि मी खोटं सांगितलं, तर बाकीचंही तुम्हाला खोटंच वाटेल.

तुमची आई जिवंत आहे, ताई.

ती गेली, असं तुमच्या वडिलांनी सांगितलं होतं. ती घर सोडून गेली होती. वडील वारल्यावर तिने ह्यांना शोधून काढलं. आता ती अंथरुणाला खिळली आहे, म्हणून ते भेटायला गेले. मी म्हटलं, निदान ताईंना तरी सांगायचं. तर म्हणाले, "ताई माझी आई झाली, स्वतःचं लहानपण सोडून. तिला कुठल्या तोंडानं सांगू की खरी आई आहे?"

मला राग आला आहे. कुणावर, ते अजून कळत नाही. आधी पोरीला नर्सबाईंसमोर बसवा. मग हवं ते बोला मला, मी ऐकून घेईन.

बाकावर बसलेली,
तुमची वहिनी

*

१२ मार्च

वहिनीबाई,

गाडी उभी आहे, म्हणून चार ओळी.

रक्त दिलं. बुटकीने "आता कशाला?" म्हणून तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, मामी म्हणते म्हणून. जावयाला सगळ्या बशा पालथ्या करायला लावल्या. डॉक्टरांकडे मी स्वतः जाते आहे, आत्ताच. या वेळी मध्ये बोलणार नाही.

पत्र वाचून बाहेर आले आणि आईचा फोटो भिंतीवरून काढला. पोरीने विचारलं, का गं? धूळ बसली होती म्हटलं. तो हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले. आता माझी लेक फोटोतल्या आईहून मोठी दिसते.

त्याला सांग, बरा हो. एवढंच सांग, बाकी काही नको. आज त्याच्याशी बोलले तर काय बोलेन, माझं मलाच माहीत नाही.

पोरीचा निकाल काहीही असो, आधी मला एकटीला कळव. आणि तो तिकडे आईजवळ बसला होता तेव्हा तिने माझं नाव काढलं का, ते त्याला विचारून ठेव. काढलं नसेल, तर तेही खरं सांग.

एका दिवसात पुन्हा कुणाची तरी लेक झालेली,
ताई