कानातल्या पाच सुया

हिवरटोक, ता. मारेगाव
५ सप्टेंबर २००८

ती. दादास,
शकूचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण तुझी बहीण या वयात दहा दिवस शाळेत होती. हसू नकोस. नागपूरच्या एका संस्थेनं आम्हा आठ आशाताईंना मारेगावला बोलावून ॲक्युपंक्चर शिकवलं. दोन्ही कानांत पाच-पाच बारीक सुया टोचायच्या आणि बाईनं पाऊण तास गप्प बसायचं. अंगाची ठणक उतरते, झोप लागते. दवाखाना अठरा किलोमीटरवर, तिथं गेलं तरी डॉक्टर भेटेलच असं नाही, म्हणून हे आमच्या हाती दिलं. आधी एकमेकींच्या कानांवर हात बसवला. तांड्यावरची लालीबाई माझ्या सुया लागताच ढसाढसा रडली आणि मग खुर्चीतच घोरायला लागली.

डॉक्टरबाई फार कडक. टोचल्या तेवढ्या सुया मोजून परत घ्यायच्या. आणि त्याआधी बाईला बाजूला नेऊन फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे. झोप का लागत नाही, पोटभर जेवते का, घरात कोणी मारतं का. सुई दुखणं उतरवते, कारण तुम्हीच विचारायचं, असं त्यांनी दहाही दिवस सांगितलं. आम्ही पदराआड हसलो. गावात असलं विचारलं तर उद्या दारात कोण उभं करील?

तुझी सोनू परवा नळावर भेटली. लग्नाला दीड वर्ष झालं, पोर वाळून गेली आहे. झोप येत नाही म्हणते. माझ्याच गावातलं, मीच सुचवलेलं स्थळ, तेव्हा पहिल्या सुया तिलाच लावीन. वहिनीला नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी शकू

---

बाभुळगाव
१९ सप्टेंबर २००८

चि. शकूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. लस टोचणारे आले की कणगीमागं लपून बसणारी तू, आणि आता गावाला टोचत सुटणार! तुझी वहिनी हसून हसून दमली. रामदास गेल्यापासून तू एकटीनं संसार ओढलास, आता काहीतरी मानाचं काम मिळालं याचं मला समाधान आहे.

सोनूचं पत्र आलं. दोनच ओळी, 'बाबा, मले घेऊन जा.' मी लिहिलं की बोंडं फुटायला लागली, ऐन वेचणीत सून माहेरी निघाली तर देवराव काय म्हणतील? सासरा भला माणूस आहे, उगाच मन दुखवायचं कशाला. शिवाय धाकटीची सोयरीक वणीकडे चालू आहे. थोरली परत आली अशी नुसती कुजबुज झाली तरी पाहुणे पहिलं तेच विचारतात. मी मास्तर, माझ्या घराकडे चार लोक बघतात. तू तिच्याजवळ आहेस. तुझ्या सुयांनी तिचं डोकं शांत होईल एवढं बघ.

सर्व खुशाल. लेकीकडे आणि आमच्याकडे तुझं लक्ष असू दे.
मारोतराव

---

हिवरटोक
२ नोव्हेंबर २००८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला येता आलं नाही, रागावू नकोस. काम जोरात आहे. समाजमंदिराच्या पडवीत दुपारी बायका येतात, वेचणीतूनच, केसांत कापसाचे पुंजके, बोटं बोंडांनी फाटलेली. ओळीनं भिंतीला टेकून डोळे मिटतात. जन्मात पाऊण तास रिकाम्या न बसलेल्या बाया या. एक तर म्हणाली, 'शकुबाई, सुया राहू दे, नुसतं बसू दे.' मला हसू आलं आणि मग आलं नाही.

सोनू रोज येते. आता झोपते म्हणे. देवरावांनी मला रस्त्यात अडवून विचारलं, 'सुयेनं काम वाढते का? मंग खुशाल टोच.' आणि खरंच, तिची वेचणी वाढली. फक्त तिला अर्ध्यातच हाक येते. मग ती स्वतःच सुया उपटून ताटलीत टाकते आणि पळते.

फॉर्मवरचे प्रश्न तिला विचारले नाहीत. भाचीला काय विचारायचं, आणि तिथलं स्थळ मीच दिलेलं. सगळ्या रकान्यांत माझ्याच हातानं 'नाही' लिहून टाकलं.

काळजी करू नये, आठवण ठेवावी.
तुझी शकू

---

बाभुळगाव
१५ नोव्हेंबर २००८

चि. शकूस अ. आ.

फार बरं वाटलं. सोनूनं त्यानंतर घेऊन जा म्हणून लिहिलं नाही, म्हणजे सुई लागू पडली. धाकटीचं वणीचं जमलं. वैशाखात लग्न. आता सगळं सुरळीत पार पडू दे. बसच्या कंडक्टरजवळ सोनूसाठी एक साडी देतो आहे, ती तिला पोचव आणि बाप आठवण काढतो म्हणून सांग.

इकडे सर्वांचा तुझ्यावर जीव आहे.
मारोतराव

---

हिवरटोक
२१ डिसेंबर २००८

ती. दादास नमस्कार.

हे पत्र वहिनीसमोर वाचू नकोस असं लिहिणार होते. पण वाच.

सोमवारी फुलचंद व्यापारी देवरावांच्या घरी कापूस घ्यायला आला. माल बघायला ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि ओरडला. तळव्यात माझी सुई रुतली होती. त्याच्या आठ दिवस आधी सोनूच्या दहा सुयांत दोन कमी भरल्या होत्या. शोधायचं सोडून मी दोन नव्या डब्यात टाकल्या आणि दहा लिहिलं. फुलचंद माल तसाच टाकून निघून गेला. गावभर झालं की देवरावाच्या कापसात सुया आहेत, दुसराही कोणी व्यापारी फिरकत नाही.

सोनू पदराआड कानात दोन सुया तशाच ठेवून वेचायला जात होती. एक गळून ओटीतल्या कापसात पडली. सोमवारी फुलचंद गेल्यावर तुझ्या जावयानं, रजतनं, तिला बैल हाकायच्या काठीनं, तुतारीनं मारलं. देवराव ओट्यावर पान लावत बसले होते.

ती माझ्याकडे पळून आली. पोलकं उतरवलं. ताजे वळ होतेच, पण त्यांच्याखाली काळे पडलेले होते, पिवळे पडलेले होते, किती महिन्यांचे कोण जाणे. मी विचारलं, सुया कायले ठेवल्या गं कानात? तर म्हणाली, 'आत्या, सुई असली का मार कमी लागते.'

दादा, दोन महिने मी तिला मार सोसायला तयार करत होते. तू म्हणालास शांत कर, मी केलं. देवराव म्हणाले काम वाढव, मी वाढवलं. तिला काय होतंय एवढं विचारायला फॉर्मवर जागा ठेवली होती, तिथं मी 'नाही' लिहिलं. डॉक्टरबाईंनी डबा काढून घेतला. त्यांचं काही चुकलं नाही. पण आठही गावांतलं काम बंद झालं. लालीबाई बाजारात भेटली, तोंड फिरवून गेली.

मला स्वतःची किळस येते. तू ये आणि पोरीला घेऊन जा.

शकू

---

बाभुळगाव
२९ डिसेंबर २००८

चि. शकूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस घास गिळला नाही. तरी शांतपणे वाच. वैशाख चार महिन्यांवर आहे. तेवढे दिवस निभाव. देवरावांकडे जाऊन माफी माग, शेवटी सुई तुझ्याच हातची होती. मीही रजतरावांना समजुतीचं पत्र लिहितो. सोनूला चार दिवस ठेवून घे, मग तूच नेऊन पोचव. आणि डॉक्टरबाईंना विनव. सगळ्या गावाचं जाऊ दे, निदान सोनूपुरत्या तरी सुया मिळतात का बघ. ती शांत राहिली तर एवढं लग्न पार पडेल. मी दोन मुलींचा बाप आहे, हे समजून घे.

अधिक काय लिहू. भाऊ म्हणून सांभाळून घे.
मारोतराव

---

हिवरटोक
६ जानेवारी २००९

दादास,

तुझं पत्र मी उघडलं नाही. सोनूनं उघडलं, बापाचं अक्षर म्हणून. दोनदा वाचलं, घडी घालून माझ्या हाती दिलं.  सकाळी वेणी घातली आणि म्हणाली, चल आत्या, ठाण्यात.

मी माफी मागितली नाही, सुयाही मागितल्या नाहीत. मिळाल्या असत्या तरी तिला टोचल्या नसत्या. ती आता झोपत नाही, ओरडून उठते, भांडी आपटते, मलाही वाट्टेल ते बोलते. बोलू दे. माझ्या घरात ती हवी तितके दिवस राहील. गाव माझ्या दारात येत नाही, तर न येवो.

मारेगावच्या ठाण्यात जमादारानं तिची तक्रार लिहून घेतली. नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, पाठीवरचे वळ, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. मग त्यानं विचारलं, वडील आहेत का, असतील तर पत्ता सांग, त्यांना कळवावं लागेल. तिथं मात्र पोर अडखळली. टेबलाकडे बघत म्हणाली, 'आहेत. पन त्याईले कळवू नका, घरी लगन हाये.'

शकू