पावलाचा कागद

प्रिय आई,
लांबूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

पण मी पाठवलेले बूट परत घट्ट? अगं, किती वेळा लिहिलं, माझ्या छकुलीचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिल तू स्वतः फिरव! "तिनेच काढलंय, हुशार झालीये," म्हणून कौतुक कसलं करतेस? आठ वर्षांच्या मुलीचा पाय वर्षभर तेवढाच राहतो का? टाचेला फोड आला तरी ती गप्प, आणि तुलाही दिसलं नाही!

निघताना तिच्या पावलाचे मी दोन कागद केले होते, एकावरून दुसरा गिरवून. एक तुझ्या कपाटात राहिला, दुसरा माझ्या वहीत आहे. काल तिने पाठवलेला कागद मी रागारागाने त्यावर ठेवला. रेघ न् रेघ जुळली. अंगठ्यापाशी माझी पेन्सिल घसरली होती, तीसुद्धा. पोरीने कपाटातलाच गिरवला.

मग आठवलं. ती रडत होती म्हणून मी म्हणाले होते, "तू मोठी व्हायच्या आत येते."

मूर्ख मी, आणि ओरडतेय तुझ्यावर.

तिला सांग, कितीही वाढलीस तरी आई येणारच. आणि ते बूट आधी काढ तिच्या पायातून.

तुझी,
चिडकी लेक